कोण उभं राहणार आणि कधी सांगणार

आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी आजवर कोणी हौसेने उभं राहिलेलं नाही. निदान प्रत्येकाचं म्हणणं तरी तसंच असतं. ‘मला कुठे वेळ आहे?’ असं म्हणत माणसं गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेली असतात. दर दोन वर्षांनी पाडव्याच्या सभेत अध्यक्ष निवडायचा आणि त्याआधी दोन-तीन महिने फेल्डहोवन या आमच्या डच गावातल्या मराठी घरांत एकमेकांकडे संशयाने बघायचं, ही आमची रीत.

त्या काळात मी आणि माझी मैत्रीण एक खेळ खेळायचो. कोण उभं राहणार आणि ते कधी जाहीर करणार, हे दोन्ही ओळखायचं. हरेल तिने पुरणपोळ्या करून जिंकणारीच्या घरी पोचवायच्या. ती माझ्यासारखीच नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, दोन गल्ल्या सोडून राहणारी. नाव तर मीही ओळखायचे, पण वेळ अचूक सांगावी ती तिनेच.

“भाषणं ऐकू नकोस, घर बघ,” ती म्हणायची. सासू-सासरे मुक्कामाला असताना कोणी जाहीर करत नाही. त्यांचं विमान उडालं की पुढच्या रविवारी तोंड उघडतं. एका गृहस्थांबद्दल मी दिवाळीपासून सांगत होते, आज करतील, उद्या करतील. ती म्हणाली, “स्वयंपाकघराची फरशी बसू दे. बायको त्याआधी सोडायची नाही.” फरशी बसली आणि त्याच शनिवारी ग्रुपवर मेसेज आला, ‘सर्वांच्या आग्रहाखातर’. आग्रह कोणी केला होता कोण जाणे. मी मुकाट्याने डाळ शिजायला टाकली. पुरणयंत्र फक्त तिच्याकडे होतं, त्यामुळे हरल्यावर तेही तिच्याकडूनच मागून आणावं लागायचं. यंत्र देताना ती जी हसायची, त्याचा मला मनापासून राग यायचा.

मग महामारी आली. पाडव्याची निवडणूक पुन्हा तोंडावर आली तेव्हा सगळे घरात कोंडलेले होते. तिचा नवरा पुण्याला परत जायचं म्हणत होता, आणि मला त्याच एका गोष्टीची धास्ती होती. अध्यक्ष झाली तर दोन वर्षं तरी ती हलणार नाही, असा माझा हिशेब. ती उभी राहावी म्हणून मी मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसले होते. या देशात मी जिच्याशी मोकळेपणाने भांडू शकत होते, अशी ती एकटीच होती.

त्या हिवाळ्यात घरी दिवसाला एकच पाहुणा, असा सरकारी नियम होता. संक्रांतीचं हळदीकुंकू बुडालं म्हणून आम्ही हळहळत होतो. हिने वेगळीच शक्कल काढली. बायकांना आपल्या घरी बोलवायच्या ऐवजी हीच एकेकीकडे जायला लागली. रोज एक घर. सायकलच्या पिशवीत तिळगूळ, कुंकवाची कुयरी आणि वाण. प्रत्येकीकडे तासभर बसायची, मुलांची चौकशी करायची, त्यांनी डचमध्ये उत्तरं दिली तरी मराठीतच बोलत राहायची.

वाण मात्र अजब होतं. एकीला इडलीपात्र, एकीला पितळी समई, एकीला चकलीचा सोऱ्या. सगळं तिच्याच स्वयंपाकघरातलं, वापरलेलं. रथसप्तमीच्या सुमारास माझी पाळी आली आणि माझ्यासमोर तिने पुरणयंत्र ठेवलं.

“अगं, हे कसलं वाण?”

“वाण नाकारायचं नसतं,” ती म्हणाली आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

मी खूश. ती गेल्यावर नवऱ्याला म्हटलं, “प्रचार जोरात आहे. आख्खं स्वयंपाकघर वाटत सुटलीय. पाडव्याच्या सभेत जाहीर करणार, बघच तू.”

लॅपटॉपमधून मान वर न काढता तो म्हणाला, “पुरणयंत्रही देऊन टाकलं? मग तिच्या घरी पुरण कशात वाटणार?”

तुला राजकारणातलं काही कळत नाही, असं मी त्याला सुनावलं.

पाडव्याची सभा व्हिडिओ कॉलवर झाली. कोणी फेटा बांधून, कोणी बाल्कनीतल्या गुढीसमोर. अध्यक्षपदाचा विषय निघाला तसा तिने माईक सुरू केला. मी सांगितलेली वेळ बरोबर ठरली म्हणून मी नवऱ्याला कोपराने ढोसलं.

“मी उभी राहत नाहीये,” ती म्हणाली. “आम्ही पुण्याला परत चाललोय. माझ्या तब्येतीचं जरा आहे.”

मी कॉल तसाच सोडून तिच्या घरी धावले. दार तिनेच उघडलं. मागे स्वयंपाकघराची मांडणी रिकामी दिसत होती. त्या हिवाळ्यात तीच सगळ्यांकडे जात होती, त्यामुळे तिच्या घरात कोणी पाऊल टाकलंच नव्हतं.

“जरा म्हणजे किती?”

“बरंच. आता आईजवळ राहायचंय मला.”

मी चिडले. अशा वेळी रडावं माणसाने, मी भांडले. मला आधी का नाही सांगितलंस म्हणून.

“घरोघर रडारड झाली असती,” ती म्हणाली. “मला सगळ्यांना हसताना बघून निघायचं होतं. हळदीकुंकवाला कोणी रडतं का?”

ती पुण्याला गेली आणि काही दिवसांतच भारताची विमानं बंद झाली. नंतर उरले फोन. डोक्याला रुमाल बांधून ती उशीला टेकून बसायची, मागे तिची आई येताजाता दिसायची. एकदा मंडळाच्या गप्पा निघाल्या आणि ती म्हणाली, “पुढच्या वेळी तू उभी राहणार.”

“मी? मला कुठे वेळ आहे?”

“बघ, म्हणालीस!” ती दम लागेपर्यंत हसली. “लोक परत एकत्र जमतील ना, त्या पहिल्या गणपतीत सांगशील. आरती झाल्यावर, प्रसाद वाटताना. स्टेजवरून बोलायची छाती नाही तुझी.”

“लाव पैज.”

“लावली. हरलीस तर पोळ्या घरी आणून द्यायच्या.”

कोणत्या घरी, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. श्रावणात ती गेली. मी तिला शेवटचं पाहिलं ते फोनवरच.

पुढच्या वर्षी हॉल घेऊन गणपती बसवला. आरती झाली, मी शिऱ्याचं पातेलं घेऊन रांगेसमोर उभी होते. कोणीतरी म्हणालं, पाडव्यानंतर हे सगळं कोण बघणार? माझ्या तोंडून निघून गेलं, “मी बघेन.” आणि पळी हातात तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या यंत्रातून पुरण काढलं. या वेळी यंत्र कोणाकडून मागून आणावं लागलं नाही. डबा भरला, सायकल काढली आणि दोन गल्ल्या ओलांडून त्या दाराची बेल वाजवली. पोळ्या दुसरीकडे कुठे न्यायच्या होत्या?

आता तिथे राहणाऱ्या डच बाईंनी दार उघडलं. मी डबा पुढे केला. पैज, पोळ्या, पुणे, यातलं काहीच मला डचमध्ये सांगता येईना. एवढंच म्हणाले, “मी आमच्या मंडळाच्या अध्यक्षपदासाठी उभी राहतेय.”

“अरे वा! कधी ठरवलंत?” त्यांनी मनापासून विचारलं.

“मी नाही ठरवलं,” म्हणाले, आणि त्या दारात मला रडू कोसळलं.