बाळ गप्प झालं होतं तेव्हा

…अंगण झाडून झालं होतं, चूल पेटली होती, आणि विहिरीवरून आणलेली कळशी मी पडवीत टेकवली. तेव्हा एकदम लक्षात आलं, आज सकाळपासून बाळ हललेलंच नाही. एरवी कळशी कमरेवर घेतली की आतून ढुशी बसायचीच.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. कोकणात बोर्ली पंचतनजवळ आमचं गाव, थोडी भातशेती. मला सातवा लागला होता… आमचे हे मुंबईला गोदीत कामाला होते, आणि महिन्यापूर्वीच तिकडे तापाने गेले होते.

मी घरात रडत नव्हते. सासूबाईंचा एकुलता एक मुलगा गेलेला, त्यांच्यापुढे मी काय रडायचं? दात आवळून कामं उरकायची. पोटाला हातही लावत नव्हते. हात लावला की, सुट्टीला आल्यावर पोटाशी तोंड नेऊन बोलणारे हे आठवायचे…

सासूबाईंनी माझा चेहरा बघितला आणि तशाच अनवाणी जाऊन गावच्या सुईणीला, काशीआत्याला, घेऊन आल्या. तिने पोट चाचपलं, बराच वेळ कान लावला.

"हाय गो, जीव हाय," ती म्हणाली. मग काशीआत्या माझ्यावर डाफरली, "पन तू अशी लाकडावानी का? श्वास सोड की! कोंडून ठेवून काय त्याला सुकटीसारखं खारवतेस?"

महिन्याभरात पहिल्यांदा मला हसू आलं… आणि हसता हसता रडूच फुटलं. तिने रडू दिलं. डाव्या कुशीवर निजवलं, कोमट खोबरेल तेलाने तळपाय चोळले. श्वास लांब लांब सोड, म्हणाली, पोटावर हात ठेव आणि त्याच्या बापाचं सांग त्याला.

मी सुरुवात केली… ह्यांना ओलं खोबरं आवडायचं, हे चालताना शीळ घालायचे…

"हे म्हंजे कोन गो? नाव घे की!"

मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं.

कोपऱ्यातून सासूबाई बोलल्या, "घे गो पोरी नाव. आता काय कमी व्हायचं ऱ्हायलंय त्याचं…"

त्या दिवशी ते काही तोंडातून निघालं नाही. पण दुपार कलताना, तशीच पडून श्वास सोडत असताना, आत अगदी हळू काहीतरी सरकलं. मी सासूबाईंचा हात ओढून तिथे ठेवला. दिवेलागणीपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.

परवा पोटुशी नातसून मोबाईलवर श्वासाचे धडे लावून, डोळे मिटून, पोटावर हात ठेवून बाळाशी बोलत बसलेली दिसली आणि हे सगळं आठवलं. तिला बजावलंय, बाळ हललं नाही तर आधी दवाखाना गाठायचा. आमच्या वेळी तो फार लांब होता… पण तिचं ते बाळाशी बोलणं बघून बरं वाटलं. ह्यांची आठवण एवढ्या वर्षांत कमी झाली नाही, फक्त त्या आठवणीची सवय झाली.

तेव्हा, बाळ हललं त्याच्या दुसऱ्या दिवशी, कामं आटपल्यावर मी परसात नारळीखाली बसले, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि बाळाला मोठ्याने सांगितलं… तुझ्या वडिलांचं नाव जनार्दन.