चौथ्या मजल्यावरची फेरी

आमच्या घरात लिहिण्याची सवय कोणालाच नाही. तरी शेजारच्या काकांबद्दल लिहितो आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

काकांचा बार्शीटाकळीजवळ झेंडूचा मळा आहे. पहाटे फुलं तोडून झाली की ते मळ्याभोवती वीस फेऱ्या मारतात. दर फेरीला एक झेंडू उजव्या खिशातून डाव्या खिशात जातो.

लेकीनं क्रूझचं तिकीट काढलं, तेव्हा काका माझ्याकडे आले.

"बाबू, जहाजावर उघड्यावर चालाले जागा हाये काय? पाच दिवस खोलीत कोंडलो तं पागल होईन मी. जागा नसन तं मी जात नाही."

मी समुद्रही पाहिलेला नाही. मोबाईलवर त्या जहाजाचा नकाशा शोधून म्हणालो, "काका, वरच्या मजल्यावर खुर्च्याच खुर्च्या हायेत. चौथ्या मजल्यावर बाहेरून पुरी गोल फेरी होते."

तेवढ्या भरवशावर ते गेले. पाच दिवस मला धाकधूक होती. परतल्यावर म्हणाले, "तू सांगतली तेच जागा. मस्त हवा!"

परवा त्यांच्या लेकीचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "चौथ्या मजल्यावरची वाट समोरून बंद होती रे. बाबा रोज अर्ध्यातूनच वापस फिरत. मले म्हणे, त्या पोराले सांगू नको, त्यानं लय मेहनतीनं शोधलं."