न धुतलेली मुळे

किसनराव कोणाकडेही गेले की आधी अंगणात उकिडवे बसत, चिमूटभर माती नाकाशी नेत आणि मगच यजमानांकडे पाहत. मेहकरजवळच्या एका रोपवाटिकेत त्यांची उभी हयात गेली. घराणे बौद्ध. आमच्या महादेवापुढे ते हात जोडत नसत. पायरीखाली चपला मात्र न चुकता काढत.

मी पुजारी असलेल्या देवळाच्या आवारातला जुना बेल वठला, तेव्हा त्याच्या शेवटच्या फळातून मी तीन रोपे वाढवली होती. दोन लावली, ती महिन्याभरात सुकली. तिसऱ्यासाठी मी त्यांना बोलावले.

"लावताना काय केलं होतं?"

"मातीला बुरशी दिसली. शुचितेसाठी मुळे स्वच्छ धुतली."

"धुतली?" त्यांनी कपाळावर हात मारला. "लेकरू जेवाले बसलं अन् तुम्ही ताटच उचललं की जी!"

त्यांनी कुजलेले पान उलटले. खाली पांढऱ्या तंतूंचे जाळे होते. "हे कुजकं खाते. हिले तोंड नाई, पोट नाई. रस बाहेर सोडते, अन्न तिथंच विरघळवते अन् चोखून घेते. मुळात राह्यते ते बुरशी येगळी, डोळ्याले दिसत नाई. केसाहून बारीक धागे! मूळ पोचत नाई तिथून पाणी आनते, स्फुरद आनते."

"आणि तिला काय मिळते?"

"साखर. पानानं बनवलेली. हिले सोताले रांधता येत नाई."

बुरशी म्हणजे ओवळे, हीच माझी आजवरची समजूत. किसनरावांनी रानातल्या जुन्या बेलाखालची माती आणली. मी रोप ढेकळासकट त्या मातीत ठेवले.

"आता दोन वर्सं पान तोडू नका."

"महाशिवरात्रीलाही?"

"तुमच्या देवाले बजारात बेल भेटते. याच्या मुळाले नाई भेटत."

रोपाने जीव धरला. तांबूस पालवी फुटली ती पाहून किसनराव नुसतेच "हाव" म्हणाले. पुढे पौषात थोड्याशा आजाराने ते गेले.

महाशिवरात्रीला दर्शनाला आलेल्या एका बाईंनी त्या गुडघ्याएवढ्या रोपाकडे हात नेला. मी तो अडवला.

"काऊन गुरुजी? देवालेच तं वाहाचं हाये."

"किसनरावांची दोन वर्षे अजून भरायची आहेत," मी म्हणालो आणि बाजारातून आणलेल्या टोपलीतली तीन पाने त्यांच्या ओंजळीत ठेवली.