त्यांच्याच मासिकात

कतारमधल्या अल वक्राच्या आमच्या कंपाउंडमध्ये शेजारच्या व्हिलात एक अमेरिकन बाई राहायच्या. दोह्यातल्या एका विद्यापीठात त्या नर्सिंग शिकवायच्या. त्यांची आई वारली आणि त्या वडिलांना इकडे घेऊन आल्या. वडील ऐंशीच्या पुढचे, उंच, नेहमी इस्त्रीच्या शर्टात. नजर मात्र जवळजवळ गेलेली. समोर माणूस आहे एवढं कळायचं, चेहरा दिसायचा नाही. अक्षर तर नाहीच.

"फोन वाचून दाखवतो, पण त्या मशीनच्या आवाजाची बाबांना चीड येते," बाई म्हणाल्या. "सकाळी थोडा वेळ वाचून दाखवशील?"

मी लगेच हो म्हटलं. लग्नाआधी नाशिकला मी एका दिवाळी अंकाच्या कचेरीत मुद्रितं तपासायचे. कतारला आल्यावर नवरा मेसईदच्या खत कारखान्यात, पुढे मुलगी शाळेत आणि मी घरात. छापील मजकुराशी संबंध उरला होता तो किराण्याच्या पाकिटांपुरता.

पहिल्याच दिवशी त्यांनी टॅब्लेट माझ्यापुढे सरकवला. एका अमेरिकन मासिकाचा ताजा अंक होता.

"हे मी चालवायचो."

"संपादक होतात, सर?"

"नाही. संपादक लिहितो आणि शत्रू करून ठेवतो. प्रकाशक त्या शत्रूंना जेवायला बोलावतो. मी प्रकाशक."

मासिक उजव्या विचारांचं, हे दोन पानांत माझ्या लक्षात आलं. पण मला त्यांच्या गोष्टींचाच लळा लागला. सरकारने व्यापारात नाक खुपसू नये म्हणणारे कारखानदार, चर्चची माणसं, कम्युनिस्टांच्या धास्तीने झोप उडालेली माणसं, ही सगळी एकेकाळी एकमेकांचं तोंड बघत नसत. त्यांना यांनी एका अंकात शेजारी शेजारी बसवलं. अंक तोट्यात असायचा, म्हणून दारोदार हिंडून देणगीदार मिळवले. गावोगावच्या वर्गणीदारांना एकमेकांच्या ओळखी करून दिल्या, त्यांची मंडळं निघाली, आणि पुढे निवडणुकीला उभे राहणारे लोक यांच्या घरी जेवायला येऊ लागले.

"चळवळ आधी आणि मासिक मग, असं लोकांना वाटतं," ते म्हणाले. "उलट झालं."

एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. त्यांच्याकडे तीन लेखक होते, वाचकांचे लाडके. त्यांना काळी माणसं खपत नव्हती, ज्यू खपत नव्हते, आणि ते तसं लिहू लागले. यांनी तिघांचीही पानं बंद केली. वर्गणीदार तुटले, जुने मित्र तुटले, पण हे मागे हटले नाहीत. मी घरी येऊन कौतुकाने सांगायचे, काय माणूस आहे! भाजणीच्या थालीपिठावर लोणी घालून त्यांना नेऊन द्यायचे. ते बोटं चाटून खायचे.

मग नवऱ्याच्या कंपनीची ईमेल आली. कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणार नाही. नोकरी संपली की रेसिडेन्सी संपली, आणि रेसिडेन्सी संपली की आम्ही तिघंही नाशिकला. दुसऱ्या दिवशी वाचताना मी त्याच त्याच ओळी पुन्हा वाचत होते. काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. वीस वर्षं झाली इथे, मुलगी इथेच जन्मली, तिला नाशिक ठाऊक आहे ते उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं.

त्यांनी चाचपडत माझ्या हातावर हात ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नका. हा देश प्रामाणिक आहे. बोलावतानाच सांगतो, काम संपलं की घरी. आम्ही मासिकातून वर्षानुवर्षं हेच मागत होतो. अमेरिकेने ऐकायला हवं होतं."

मी ऐकलं ते बरोबर ऐकलं का, हेच मला कळेना.

"आणि माझी मुलगी?"

"तिला तिचा देश आहे की! ती भाग्यवान आहे."

ते मला टोचून बोलत नव्हते. तसं असतं तर मी चार शब्द सुनावले असते. ते माझं सांत्वन करत होते, अगदी मनापासून, माझ्या हातावर थोपटत. गॅसवर दूध ठेवलंय असं काहीतरी पुटपुटून मी घरी आले.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो सेफ्टी शूज काढत होता. मान वर न करता म्हणाला, "मग खोटं काय बोलला तो? आपण सही करून आलो होतो ना?"

आतून मुलगी म्हणाली, "आई, यू आर शॉक्ड नाऊ? तुला कोण वाटले होते ते?" मराठीतून एवढं सबंध वाक्य ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती.

पुढचा आठवडा मी गेले नाही. मग एका सकाळी बाईच दारात उभ्या. नव्या अंकात बाबांवर काहीतरी आलं होतं. अमेरिकेतून जुन्या मित्राचा फोन येऊन गेला होता. "त्यांना ते ऐकायचंय. माझ्याच्याने वाचवत नाही गं." त्यांचे डोळे सुजले होते.

लेख नव्या, तरुण संपादकाचा होता. मी वाचायला लागले आणि दुसऱ्याच परिच्छेदात माझी जीभ अडखळू लागली. चळवळीला कीड लागली ती या जुन्या प्रकाशकापासून, असं म्हटलं होतं. चारचौघांत बरं दिसावं म्हणून याने खरं बोलणाऱ्या तीन लेखकांना हाकललं. त्या तिघांची नावं आदराने घेतली होती. एकाला तर द्रष्टा म्हटलं होतं. ते ताठ बसून ऐकत होते. पुढे एक वाक्य आलं, ते मी सोडून दिलं.

"एक वाक्य गाळलंत."

"कशावरून, सर?"

"परिच्छेद असा संपत नसतो. वाचा."

मी वाचलं. ज्या लोकांना दाराबाहेर ठेवायचं, त्यांच्यातच हा गृहस्थ आज आखातात जाऊन राहिला आहे आणि त्यांच्या हातचं खातो आहे, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. आमच्या दोघांच्या मधे टेबलावर पाण्याचा तांब्या होता. त्यांनी पाणी मागितलं नाही आणि मलाही ओतायचं सुचलं नाही.

"पहिल्या पानावर खाली मासिकात काम करणाऱ्यांची नावं असतात," ते म्हणाले. "शेवटी माझं असतं. माजी प्रकाशक म्हणून."

मी पान उलटलं. "नाहीये, सर."

"नीट बघा."

"नीट बघितलं."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. लेख त्यांनी पचवला होता. नाव काढतील असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

गप्प बसायला हवं होतं कदाचित. मी म्हणाले, "सर, त्या वाक्यातले लोक म्हणजे मी."

"कळलं मला."

"आणि त्या दिवशी तुम्ही मला जे म्हणालात?"

"ते मला अजूनही बरोबर वाटतं. पण मी ते असं, या लेखासारखं, म्हणालो नव्हतो."

"फरक काय?"

"फरक आहे." ते म्हणाले. "आज सांगता येत नाही."

मला रागही आला आणि भडभडूनही आलं, दोन्ही एकदम. मग त्यांनी लेखाला उत्तर सांगायला सुरुवात केली आणि मी टाइप करत गेले. त्या तिघांना आजही काढलं असतं, एवढंच लिहिलं. आमच्यासारख्यांबद्दल एक शब्द नव्हता. मी वाट पाहिली, शेवटची ओळ झाल्यावरही. नाहीच आला. ते उत्तर पुढच्या अंकात छापलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दोन्ही अंक मीच पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळले. त्यानंतर त्यांनी मासिक वाचणं बंद करायला सांगितलं आणि मी त्यांना गल्फची वर्तमानपत्रं वाचून दाखवू लागले.

जूनमध्ये आम्ही निघालो. ते लेकीचा हात धरून फाटकापर्यंत आले. ऊन तळपत होतं.

"परत कधी याल?"

"कुणी व्हिसा दिला तर, सर."

ते माझा हात हातात घेऊन तसेच उभे राहिले. नवऱ्याने गाडीतून हाक मारली, "यल्ला, चल, उशीर होतोय." मी हात सोडवून घेतला आणि गाडीत बसले.