दत्तूमामाचा चिंध्या उंट

मामाच्या नंबरावरून फोन आला आणि पलीकडून मामीचा आवाज ऐकू आला, तेव्हाच काहीतरी बिनसल्याचं मला कळलं. मामी आपणहून कधी फोनला हात लावत नाही. "संगे, मामा गेला गं तुजा... सकाळी मशीनवर बसल्या बसल्याच," एवढंच ती बोलली. मी पुण्याला एका दवाखान्यात नर्स आहे, तेव्हा ड्युटीवर होते. माणसं जाताना मी नेहमी बघते, पण त्या दिवशी हातातला ट्रे खाली ठेवायचंसुद्धा मला सुचेना. आणि आठवलं काय, तर त्याचा आधीचा फोन. "चिंध्या वाट बगतोय बाये, ये की." मी नेहमीसारखं म्हटलं होतं, "येते रे मामा, दिवाळी होऊ दे." अशा दोन दिवाळ्या होऊन गेल्या होत्या.

चिंध्या कोण, हे सांगायचं तर आधी मामा सांगायला हवा. माझा मामा म्हणजे वडवणीचा दत्तू टेलर. दसरा झाला की माझे आई-वडील कोयते घेऊन ऊसतोडीला जायचे आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत यायचे. माझी शाळा बुडू नये म्हणून तेवढे महिने मला मामाकडं ठेवायचे. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं, पण आई-बाप ऊसतोडीला गेलेली माझ्यासारखी पाच-सहा पोरं दरसाल त्यांच्या घरी असायची. "हे घर हाय का कोंडवाडा?" म्हणून मामी दिवसभर आमच्या नावानं शंख करायची आणि दुरडीभर भाकरी थापायची.

एका वर्षी मामानं कुणाचा तरी जुना टीव्ही आणला, सीडी प्लेयर आणला आणि बाजारातून एक सिनेमा आणला, दोन सीड्यांचा. परदेशातल्या कुठल्याशा जुन्या बालकथेवर काढलेला, सगळ्या घरानं मिळून बघावा असा. कव्हरवर तुकडे जोडून शिवलेला कापडाचा उंट होता. त्याची मालकीण, लहान मुलगी, दूरगावी शिकायला जाते आणि उंट माडीवरच्या खिडकीत बसून तिची वाट बघतो, अशी गोष्ट. सिनेमा अख्खा इंग्रजीत, आणि आमच्या घरातलं इंग्रजी म्हणजे चेस्ट, कॉलर आणि शोल्डर! मामानं सरळ टीव्हीचा आवाज बंद केला. गळ्यातला टेप तसाच ठेवून स्टुलावर बसला आणि सगळ्यांच्या वतीनं आपणच बोलायला लागला. उंटाचं नाव त्यानं चिंध्या ठेवलं. "चिंध्या म्हनतोय, बाई, मला कावून ठिवून चालली? मी काय लई जागा खातो व्हय?" खेळण्यांत एक पत्र्याचा कोंबडा होता, तो उंटावर खेकसायचा, "गप बे कुबड्या!" आणि मोठी टोपी घातलेली एक खाष्ट म्हातारी होती, तिला मामानं सिरसाळ्याची करून टाकलं, कारण मामीचं माहेर सिरसाळा. ती पडद्यावर आली रे आली की हा घसा खाकरून म्हणायचा, "आल्या बगा सिरसाळकरीण!" मग चुलीपाशी बसलेली मामी हातातलं उलथनं उगारायची. आमची हसून हसून मुरकुंडी वळायची.

ह्यापायी माझी शाळेत काय फजिती झाली! बाईंनी पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट सांगायला लावली आणि मी ठासून सांगितलं, की तिकडं उंट ज्वारीची भाकरी आणि ठेचा खातात. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मी रडत घरी आले, तर मामा उलट मलाच विचारतो, "ताटात गोल भाकर दिसली का न्हाई? मंग? ठेचा काय, भाकरीखाली असंल!"

पण ह्या सिनेमाचा शेवट आम्हाला कधी दिसला नाही. दारात गाडी थांबायची, खिडकीतला चिंध्या मान उचलायचा आणि नेमकी तिथंच सीडी अडकायची. चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे. आम्ही कोकलायला लागलो की मामा म्हणायचा, "वरडू नका. फुडचं मला ठावं हाय." मग ती मुलगी यायची. दर रविवारी नव्या तऱ्हेनं यायची. कधी उसाच्या ट्रकवर बसून, कधी पाटोद्याच्या एसटीनं, कधी गुळाची ढेप डोक्यावर घेऊन. मी प्रत्येक वेळी विचारायची, "मामा, नक्की येती का रे?" मला त्या मुलीचं काही पडलेलं नव्हतं. माझी आई फडावरून परत येईल ना, एवढीच धाकधूक मला असायची, आणि ते मामाला बरोबर कळायचं. "येतीच. न याया काय झालं?" असं तो इतक्या सहज म्हणायचा, की मी भूक लागल्याचं सांगायला मामीकडं पळायची.

मग त्यानं उरलेल्या ब्लाउजपिसांचा एक चिंध्या शिवला आणि रस्त्याकडं तोंड करून दुकानात खिळ्याला टांगला. नियम असा, की ज्या पोराची आई परत येईल, तिच्या लुगड्याचा एक तुकडा कापून चिंध्याच्या कुबडावर शिवायचा. बाया कांगावा करायच्या, "दत्तूभाऊ, चांगलं लुगडं हाय की ओ!" पण मामा ऐकतो थोडाच? कात्री चालवायचाच. माझ्या आईच्या लुगड्याचे सात तुकडे त्या कुबडावर आहेत. दरसाल कुबड फुगत गेलं आणि उंट बिचारा पोतं उचललेल्या हमालासारखा दिसायला लागला.

फोन आला त्याच दिवशी मी लेकीला, ओवीला, घेऊन निघाले आणि तेराव्यापर्यंत राहिले. तेरावं उरकून निघायच्या आधी दुपारी दुकान आवरताना बटणांच्या डब्याखाली त्या दोन सीड्या सापडल्या. आता प्लेयर कुठला असायला! कव्हरवरचं नाव मोबाईलवर टाकलं तर सिनेमा निघाला. आम्ही तिघी मशीनपाशी बसून तो बघायला लागलो. गाडी थांबली. चिंध्यानं मान उचलली. मुलगी उतरली... ती आता मोठी बाई झाली होती. तिनं खिडकीकडं नुसतं बघितलं, घड्याळात बघितलं आणि कुणाशी तरी दोन शब्द बोलून परत गाडीत बसली. वर आलीच नाही.

"मामी, ती येतच नाही गं!" मी किंचाळलेच.

मामी गालातल्या गालात हसली. "मला ठावं हाय की. आणला त्या दिशी आमी दोगांनी आदी बगितला. म्हनला, पोरांचे आयबाप लांब हायती, ह्यास्नी हे कसं दावावं? आन् सुई घिऊन सीडीची कड खरडत बसला. नवीकोरी सीडी गं ती! मी बोलले तर माज्यावरच डाफरला."

मी हसायला लागले. मामा, काय माणूस होतास रे तू! हसता हसता कधी रडायला लागले, कळलं नाही. दोन दिवाळ्या घड्याळ बघणारी, गाडीतून न उतरणारी ती बाई मीच होते. मामानं तो शेवट आम्हाला कधी दाखवला नाही आणि मी मात्र त्याला तोच दाखवला.

ओवीनं विचारलं, "आई, ती वर का नाही गेली?" मामीच म्हणाली, "मोबाईलमदी बिगाड हाय बाळा. खरी पोरगी आलती. उशीर झाला तिला, पर आली." आणि मशीनवरची मामाची कात्री उचलून माझ्याकडं वळली. "संगे, पदर हिकडं कर."

"अगं मामी, चांगली साडी आहे की गं!"

"समद्या असंच म्हनत्यात," असं म्हणून तिनं कचकन कात्री चालवली.

चिंध्या अजून रस्त्याकडं तोंड करूनच टांगलेला आहे, कुबडावर माझ्या निळ्या पदराचा तुकडा मिरवत. इकडं पुण्यात शेजारीण म्हणाली, पदराला ठिगळ लावून घे, कळणारसुद्धा नाही. मी नको म्हटलं. दिवाळीला वडवणीची एसटी पकडताना मी तीच साडी नेसणार आहे.