दम न लागणारं विमान

खोटेपणाची इतकी चीड असलेला माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा झाला नसेल, आणि झालाच असेल तर माझ्या बायकोच्या मामांनी त्याचीही उलटतपासणी घेतली असेल. कर्वेनगरच्या त्यांच्या घरी 'देवगडचा' म्हणून आंबा नेला, की ते आधी पुरावा मागत. निवृत्तीनंतर मुलाने त्यांना कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ बसवून दिला आणि घरादाराची पंचाईत झाली. त्याला 'खेळ' म्हटलेलं त्यांना चालत नसे. दोन माणसांचं छोटं विमान वर चढू लागलं, की मामा भर मे महिन्यात पंखा बंद करून स्वेटर आणि कानटोपी चढवत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हबकलोच. मामी पानं वाढून हाका मारायच्या, तर आतून उत्तर यायचं, "विमान हवेत आहे. खरं विमान मधेच थांबवून कुणी वरणभात खातं का?" मग पाहुण्यांसकट सगळे ते उतरेपर्यंत उपाशी.

एकदा त्यांनी मला तातडीने बोलावलं. जाऊन पाहतो तो चेहरा पांढराफटक. मी डॉक्टरांचा नंबर शोधू लागलो, कारण त्यांची फुप्फुसं थकली होती. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या या माणसाला डॉक्टरांनी आता जिनासुद्धा बंद केला होता. पण संकट वेगळंच होतं. पडद्यावर ते चिमुकलं विमान एव्हरेस्टच्या माथ्यावरून चाललं होतं.

"जावईबापू, तिथे हवा किती विरळ. इंजिन गुदमरायला हवं, पंखांना आधार मिळता कामा नये. आणि हे बघा, लग्नाला निघाल्यासारखं चाललंय. धादांत खोटं आहे."

मी शोधलं, तर मुलाने खेळाच्या सेटिंगमध्ये सगळं सोपं करून ठेवलेलं. ते मी खऱ्यासारखं केलं. आता अर्ध्या वाटेतच इंजिनाची ताकद सरली, नाक वर केलं की वेग पडू लागला, आणि शेवटी विमान चढेचना. मामा नुसते बघत राहिले. मी मोठ्या फुशारकीने घरी आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "ते पूर्वीसारखं करून द्याल का?"

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. "अहो मामा, पण ते खोटं आहे."

"ठाऊक आहे मला." एवढं बोलूनही त्यांना धाप लागली होती. "पण वर जाताना कुणाला तरी दम लागू नये, असं वाटलं."

मी तसाच उठून गेलो. विमान पुन्हा बर्फाच्या शिखरांवरून निघालं. मला त्यांची फार माया आली.