म्हात्रे बाईंची माघार

काशी म्हात्रे डोंगराला घाबरणारी बाई नव्हती. तिचं माहेर अंबरनाथ पूर्वेचं, आगरी शेतकऱ्याचं. लहानपणी ती बापाबरोबर गवत कापायला डोंगरात जायची आणि डोक्यावर भारा घेऊन उतरताना तिचा पाय कधी घसरला नाही. शिकून मास्तरीण झालेली घराण्यातली ती पहिलीच मुलगी. लग्नानंतर ती उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या एका मराठी शाळेत लागली. शाळेचं भ्रमण मंडळ होतं, पण बाई सोबत असल्याशिवाय मुलींना पाठवायचं नाही असं हेडमास्तरांचं म्हणणं. मग मुलींची तुकडी म्हात्रे बाईंकडे आली, ती त्यांनी आनंदाने घेतली.

सत्त्याऐंशीच्या मार्च महिन्यात त्या मुलींना घेऊन बारवी धरणाच्या मागच्या गायधरा नावाच्या डोंगरावर निघाल्या. बदलापूरहून एसटी, मग धरणाच्या कडेकडेने चाल, आणि पुढे उघडाबोडका चढ. शेवटच्या टप्प्याआधी एक खिंड लागते. तिथे पोचेपर्यंत ऊन असं तापलं की दगडावर हात ठेववेना. बाईंनी एकेकीची बाटली हलवून पाहिली. बहुतेकींच्या तळाला घोटभर पाणी होतं, काहींकडे तेही नाही. शिखर समोर दिसत होतं. बाईंनी तिथूनच मुलींना माघारी फिरवलं. मुली रुसल्या, एक तर रडली. एसटीत कुणी गाणंही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला. पीटीचे हरिचंद्र सर मनाने वाईट नव्हते, पण त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. ते म्हणाले की पाणी बाटलीतलं नाही, बाईंच्या गुडघ्यातलं संपलं होतं. सगळे हसले. बाईही हसल्या. पुढच्या रविवारी सर आपल्या मुलांच्या तुकडीबरोबर त्याच मुलींना घेऊन गेले, दुपारपर्यंत माथ्यावर पोचले, आणि संध्याकाळी सगळे खुशाल घरी परतले. कुणाला साधी भोवळसुद्धा आली नाही. माथ्यावर काढलेला फोटो हेडमास्तरांनी फलकावर लावला. त्यात सगळ्या मुली तोंडभरून हसत होत्या.

बाईंना रोज त्या फलकावरूनच वर्गात जावं लागे. आपलं चुकलं नाही हे त्यांना कळत होतं, पण ते सिद्ध करायला काही घडलंच नव्हतं. काही घडावं असं मनात आणणं तर पापच. त्या वर्षी शाळेत एक म्हण रूढ झाली. काही अर्धवट राहिलं की मुलं म्हणायची, म्हात्रे बाईंची ट्रिप, खिंडीपर्यंत. एकदा शिपायानेही ती त्यांच्यासमोर म्हटली आणि जीभ चावली. बाईंची कानशिलं तापली. आपण पळपुट्या नाही हे एकदा दाखवून द्यायचं, एवढं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या वर्षी होळी झाल्यावर त्यांनी पुन्हा गायधराच निवडला.

त्या तुकडीत विठा गायकर होती. नववीतली, आजीचं नाव लावलेली, त्यामुळे वर्गात सगळ्या तिला म्हातारी म्हणायच्या आणि तीही कमरेत वाकून दाखवायची. तिचा बाप बबन फर्निचरच्या दुकानात पॉलिश करायचा, आई चिमी घरी बसून जीन्सच्या पॅंटींचे धागे कापायची. खिंडीत पोचल्यावर बाकीच्या मुली पुढे गेल्या. विठा मागे राहून बाईंजवळ आली.

"बाई, डोकं लई दुखतंय. अंगावर काटा येतोय. थंडी वाजल्यासारखं होतंय."

बाईंनी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तव्यासारखं तापलेलं आणि अगदी कोरडं. एवढ्या उन्हात घामाचा थेंब नाही. प्रथमोपचाराच्या वर्गात बाई हे शिकल्या होत्या. उन्हात थंडी वाजते, घाम थांबतो, तेव्हा काय करायचं हे त्यांना पाठ होतं. त्यांनी एकदा खाली वाटेकडे पाहिलं, एकदा वर पाहिलं. शिखर हाताच्या अंतरावर होतं.

"थोडंच राहिलंय गं. वर सावली आहे. दमाने चल."

वर सावली नव्हती. एक झुडूपही नव्हतं. बाईंना ते ठाऊक होतं. विठा मात्र बाईंचं ऐकणारी मुलगी होती, ती चालू लागली.

माथ्याच्या थोडं खाली तिचं बोलणं बरळल्यासारखं झालं. तिने बाईंना "आजी" अशी हाक मारली, दोन पावलं तिरकी टाकली आणि कोसळली. हातपाय ताठले. बाईंनी तिला खांद्यावर घेतली आणि मुलींना हाका मारत, ठेचकाळत खिंडीपर्यंत आणली. तिथे सरपणाला आलेला जवळच्या वाडीतला धाकलू भेटला. त्याने वाडीतली माणसं बोलावली, घोंगडीची झोळी करून विठाला खाली नेलं. वाडीत जिवली नावाच्या बाईने त्या दिवशी लांबच्या विहिरीवरून आणलेलं पाणी होतं नव्हतं तेवढं तिच्यावर ओतलं. धरणावरची जीप मिळाली, आधी बदलापूर, मग उल्हासनगरचा मोठा दवाखाना. विठा बरेच दिवस बेशुद्ध होती.

ती जगली. पण पुढे ती दारू प्यायलेल्या माणसासारखी झोकांड्या देत चालू लागली. पेला धरला की हात थरथरायचा, शब्द एकेक करून ओढून काढल्यासारखे यायचे. मेंदूला उष्णता लागली, डॉक्टर म्हणाले. तिची शाळा कायमची सुटली.

हेडमास्तरांनी बबन आणि चिमीला बोलावून घेतलं. शाळेचं नाव पेपरात जाईल या भीतीने त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मुलीने आधी काही सांगितलंच नसेल, तर बाई तरी काय करणार?" आणि त्यांनी बाईंकडे पाहिलं.

बाई टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक बघत राहिल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. तेवढ्याने काम भागलं.

बबन उठला आणि त्याने हात जोडले. "बाई, तुमी उचलून आनली म्हनून पोर जित्ती हाय."

त्यानंतर बाई फळं घेऊन एकदा गायकरांकडे गेल्या. दारातच त्यांना चिमीचा आवाज ऐकू आला. ती विठाला भरवता भरवता बोलत होती, की एवढी घोडी झालीस, बोलायला तोंड नव्हतं का, बाईंना सांगितलं असतंस तर आज ही दशा नसती. विठा हळूहळू म्हणत होती की मी सांगितलं होतं, मला वाटतंय मी सांगितलं होतं. चिमी म्हणाली, तुला काय आठवतंय, गप जेव. बाई फळांची पिशवी उंबऱ्यावर ठेवून परत फिरल्या. पुन्हा त्या घरी त्यांनी पाऊल टाकलं नाही. भ्रमण मंडळही बंद पडलं.

बाई शिकवत राहिल्या. पोरं मोठी होऊन गेली. शाळेत कुणी त्यांना कधी दोष दिला नाही. उलट, बाई पोरीला खांद्यावर घेऊन डोंगर उतरल्या ही गोष्ट नव्या शिक्षकांना कौतुकाने सांगितली जाई. ती सुरू झाली की बाई वह्यांचा गठ्ठा उचलून बाहेर पडत. लोकांना तो विनय वाटे.

पंच्याण्णव साली नवे हेडमास्तर आले आणि त्यांनी सहली पुन्हा सुरू करायचं ठरवलं. बदलापूरला किसन नावाचा एक तरुण गिर्यारोहक होता. डोंगरात पोरं दगावल्याच्या बातम्या वाचून त्याने आणि त्याच्या मित्रांनी शिक्षकांसाठी, मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी शिबिर भरवलं होतं. पोरांना नेणारा मोठा माणूस आधी तयार झाला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. शाळेने हरिचंद्र सरांना आणि अनुभवी म्हणून म्हात्रे बाईंना पाठवलं. नाही म्हणायला बाईंना कारण सापडलं नाही.

किसन चांगला शिकवत होता. पाणी किती घ्यायचं, रांगेत सर्वात मागे कोण चालायचं, परतायची वेळ निघण्याआधीच कशी ठरवायची, हे त्याने नीट सांगितलं. मग तो आपल्या भागातल्या अपघातांकडे वळला. म्हणाला, कॅम्प पाचमधल्या एका शाळेची मुलगी गायधऱ्यावर ऊन लागून आयुष्यभराची अधू झाली. सोबतची बाई धीराची होती, पण मुलगी काही बोललीच नाही. तेव्हा लक्षात ठेवा, मुलं आपण होऊन सांगत नाहीत.

ती बाई समोर बसली आहे हे त्याला माहीत नव्हतं. सगळ्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. हरिचंद्र सरांनी बाईंकडे पाहून मान हलवली, धीर दिल्यासारखी. बाईंनी स्वतःशी म्हटलं, वाक्य काही खोटं नाही, मुलं खरंच सांगत नाहीत, जाऊ दे. तेवढ्यात शेजारी बसलेली वांगणीची एक तरुण शिक्षिका लिहिता लिहिता पुटपुटली, "नववीतली मुलगी, आणि एवढं सांगता येऊ नये?"

बाई उभ्या राहिल्या.

"मुलीने सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मला सांगितलं होतं. मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि तरी तिला वर नेलं."

किसनने हळूच विचारलं, "का नेलंत, बाई?"

"आदल्या वर्षी मी माघारी फिरले होते. शिक्षकांच्या खोलीत लोक हसले होते. परत हसतील म्हणून."

हरिचंद्र सर उठून बाहेर व्हरांड्यात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

संध्याकाळी बाई थेट गायकरांच्या घरी गेल्या. विठा आता विशीपलीकडे गेली होती. भिंतीला टेकून ती शिवून आलेल्या पॅंटींच्या घड्या घालत होती. घडी विस्कटली की पुन्हा घालायची. चिमीने बाईंना ओळखलं, लगबगीने चटई पसरली, चहाचं आधण ठेवायला निघाली. बाईंनी तिला थांबवलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. खिंडीतलं सांगितलं, हेडमास्तरांच्या ऑफिसातलं सांगितलं.

बबन म्हणाला, "मी हात जोडले होते तुमाला."

बाईंना वाटलं, त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा विठा बोलली. एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "परत सांगा, बाई. आईकडं बघून सांगा."

बाईंनी चिमीकडे पाहून परत सांगितलं. चिमी मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. विठा रडली नाही. तिने हातातली घडी पुरी केली आणि गठ्ठ्यावर ठेवली. बबनने दाराकडे हात केला, तेव्हा बाई निघाल्या. माफी मागायची राहून गेली हे रस्त्यात त्यांच्या लक्षात आलं, आणि परत फिरून ती मागायचंही तोंड त्यांना नव्हतं.

मुलांना घेऊन त्या पुन्हा कधी डोंगरात गेल्या नाहीत. हेडमास्तरांना त्यांनी तसं स्वच्छ सांगितलं, कारणासकट. काही दिवसांनी किसन घरी आला. पुढच्या शिबिरात बाईंनी बोलावं अशी त्याची इच्छा होती. बाईंनी हात झटकले. शिकवण्यासारखं आपल्याकडे आहे काय, म्हणाल्या. किसन म्हणाला, "दोर, पट्ट्या, नकाशा मी शिकवीन. माघारी फिरल्यावर दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत काय होतं, ते मला शिकवता येत नाही."

बाई गेल्या. पुढे दर शिबिराला जात राहिल्या. सांगून सांगून ते सोपं होईल असं त्यांना वाटलं होतं, तसं झालं नाही. काही जण चहाच्या वेळी त्यांच्यापासून चार हात लांब उभे राहत, ते त्यांना दिसत असे.

त्यांनी एक सरावही काढला. वांगणीच्या बाजूच्या टेकडीवर नेऊन एकाला म्होरक्या करायचं आणि अर्ध्या वाटेवर त्याने सगळ्यांना परत फिरवायचं. बाकीच्यांनी त्याची रेवडी उडवायची. दणकट, मिशीवाले गडीसुद्धा थोड्याच वेळात डगमगत. बरं, अजून थोडं जाऊ, असं म्हणून मोकळे होत. टिंगल करायला हरिचंद्र सर स्वतःहून पुढे झाले. त्यात आपला हात कुणी धरणार नाही, असं ते खाली मान घालून म्हणाले होते. एकदा बाईंनी त्यांनाच म्होरक्या केलं. सर परत फिरले खरे, पण उतरताना त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

एका उन्हाळ्यात अंबरनाथच्या एका मंडळाचा कार्यकर्ता बाईंकडे तणतणत आला. त्याने पोरांना अर्ध्या वाटेवरून आणलं होतं आणि गल्लीत त्याची शोभा झाली होती. काही झालं नसतं बाई, तो म्हणाला, उगाच माझं नाव गेलं. बाईंनी कबूल केलं, की कदाचित खरंच काही झालं नसतं. त्याला आणखी काही ऐकायचं होतं, पण बाईंकडे तेवढंच होतं. तो चहा पिऊन, तसाच घुश्शात गेला. पुढच्या शिबिराला मात्र आला.

चिमी त्यांना एकदा कॅम्पातल्या भाजीबाजारात समोरासमोर भेटली. टाळायला जागा नव्हती. चिमी हसली नाही. मेथीची जुडी उलटीपालटी करत, भाजीकडेच बघत म्हणाली, "विठा आता आमाला उलट बोलते. कायपन असू दे, पयलं तिचं ऐकून घ्यावं लागतं."

ही तक्रार आहे की आणखी काही, ते बाईंना कळलं नाही. विचारायचा आपल्याला हक्क नाही, हे कळत होतं. चिमीने जुडी पिशवीत टाकली आणि ती गर्दीत पुढे गेली.